वनमालाबाईंची सायकल आणि विकत घेतलेला रस्ता

मंडळी, ऐका! दाम मोजला की वस्तू आपली, बरोबर? भाजी आपली, चप्पल आपली. मग दाम मोजला तर रस्ताही आपला होतो का हो? माना हलवू नका एवढ्यात!

एक होत्या वनमालाबाई. राहायच्या शहरातल्या जुन्या पेठेत. एके काळी सायकलवरून वाऱ्यासारख्या जायच्या! पण एकदा मोटारीनं धक्का दिला, हात मोडला. यजमानांनी, यशवंतरावांनी, फर्मान काढलं – "पुन्हा सायकलला हात लावायचा नाही!" माया होती हो त्यात! पण सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. बाई मात्र स्वप्नात रोज चालवायच्या!

पुढे महापालिकेनं ठरवलं – पेठेत मोटार आणायची, तर पैसे भरा! झालं! गाड्या निम्म्यावर आल्या. रस्ता सारवलेल्या अंगणासारखा मोकळा. यशवंतराव मात्र बहाद्दर! पैसे भरून रोज पहाटे गाडीनं बागेत जायचे. कशाला? – चालायला! हसताय काय? तुमच्यातही आहेत दोन-चार!

एके दिवशी ते गेले, आणि बाईंनी कानाला मफलर गुंडाळून हळूच सायकल बाहेर काढली. दोनदा पाय टेकला. तिसऱ्यांदा – अहाहा! निघाली! भोवती धुकं, पारिजातकाचा वास, कुणाच्या तरी माजघरातली भूपाळी... हे सगळं इथंच होतं? बाईंना वाटलं, मी झोपेत तर नाही ना!

तेवढ्यात मागून – पों! पों! "ओ बाई, व्हा बाजूला! पैसे भरलेत आम्ही रस्त्याचे!"

बाई पाय टेकून वळून बघतात, तर – बागेतून परतणारे यशवंतराव!

त्यांनीही आत्ता कुठं बायकोला ओळखलं! बाई म्हणाल्या, "भरलेत ना पैसे? मग जा पुढे. मी काही उतरायची नाही. भीती अजून वाटते मला, पण ती तुमच्या गाडीची. सायकलची कधीच नव्हती."

यशवंतराव पुढे गेले नाहीत. काच खाली केली आणि बाईंच्या चालीनं मागून येत राहिले. धुक्यात घंटी किणकिणत होती. भूपाळी त्यांनाही ऐकू आली. दाराशी पोचल्यावर एवढंच म्हणाले, "ब्रेक सैल आहेत गं. आज आवळून देतो."

मंडळी, दक्षिणा टाकली म्हणून गाभारा नावावर होतो का? पैशानं गर्दी हटली खरी, पण वाट द्यायला मन लागतं. आता तुम्ही बाहेर पडाल, गाडीत बसाल, हात हॉर्नवर जाईल... थांबा! पुढं कुणीतरी हळूहळू चाललंय. तोंड दिसत नाहीये. आधी नीट बघा – घरचंच माणूस असेल!