चाक केलं आमच्या आरोहीनं

मी मूळची तिकोणा पेठंची, लगीन होऊन मळवलीला आले आन् हितलीच झाले, बंगला सांभाळते, झाडलोट, पाहुण्यांचा सैपाक, समदं. लेक तळेगावला कंपनीत जाती, म्हणून नात आरोही माझ्याकडं, पहिलीला हाय. काय सांगू तुमाला, लय चौकस पोर. मोटार लावली की पाणी वर चढतं कसं, टाकी भरली हे मोटारीला कळतं कसं, नुसतं डोकं खाती. बॅटरी खोलती आन् परत जोडती.

तर शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. हिनं बाटल्यांच्या बुचांचं चाक केलं, पाण्याच्या धारेवर फिरणारं. मोडलं, रडली, परत केलं. मी आपली सुई तापवून भोकं पाडून दिली, बास. आन् बाई काय म्हणाल्या? बाई वाईट न्हाईत हां, मायाळू हाईत, पण म्हणाल्या, तू नऊवारी नेस, पाहुण्यांना ओवाळ, चाकाची माहिती वर्गातला आदित्य सांगंल. माझं टाळकंच सटकलं. पण पोर? पोर नाचत घरी आली ओ! नथ पायजे, गजरा पायजे. म्हणलं, आगं बये, चाक कुणी केलं? तर म्हणती, आज्जे, डोकं पोरांना असतं, पोरी नीटनेटक्या असत्यात. कुणी सांगितलं गं तुला? कुणी न्हाई, मला म्हाईतच हाय.

आता भांडू कुणाशी? कुणी म्हणलं असतं तर त्याच्या दारात जाऊन उभी राहिले असते. एवढंसं लेकरू, अजून वेणी घालता येत न्हाई, आन् हे कुटनं शिकलं?

प्रदर्शनात त्या आदित्यनं धार सोडली ती चाकाच्या मधोमध. चाक ढिम्म. पाहुणे वाकून बघत्यात, बाई घामाघूम. ही माझ्याजवळ ताट घिऊन उभी, हळूच म्हणती, धार कडंला पायजे. म्हणलं, आगं मग जा की, सांग की मोठ्यानं! तर मान हलवती, म्हणती, त्याला म्हाईत असंल. शेवटी मीच वरडले, आरं कडंला धर, कडंला! फिरलं चाक. टाळ्या पडल्या आदित्यला, आन् ह्या बयेनं ताट खाली ठिवून सगळ्यांपरीस जास्त वाजवल्या. व्हय, खरं सांगते, माझ्या डोळ्यात पाणीच आलं, रागानं.

रोज समजावते, बये, तू हुशार हायेस. हसती आन् पळती. तिला अक्कल दे म्हणून मी देवाकडं मागत न्हाई, ती हाय तिच्याजवळ. तिची अक्कल तिला दिसू दे, येवढंच मागते.