लाइट नव्हती त्या दुपारी

बायाबापयांनो, सरपंचसाहेब, आणि समोर डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या, आपल्या सखारामच्या काशीवयनी,

तुम्ही एवढे सगळे शोकसभेला जमलात. बरं झालं. मला भाषण जमत नाही. शाळा चौथीत सुटली, पुढचं जे आलं ते पुड्यांचे कागद वाचून आलं. त्यात आज दोन गोष्टी घेऊन उभा आहे. एक दुःख, एक राग. आधी राग बोलतो. तो बाहेर पडल्याशिवाय दुःखाला वाट मिळायची नाही.

आत्ता सरपंचसाहेब बोलले. सखाराम पेटीवाला म्हणजे आपल्या चिखल्याचं भूषण, थोर कलाप्रेमी. साहेब, हे त्याला कधी सांगितलं होतं? मला तुमचं दुसरंच वाक्य आठवतं. त्याच्या टीव्हीतलं गाणं ऐकून पानठेल्यावरून तुम्ही हाक मारली होती, "काय बुढ्या, तुह्या टीव्हीतली म्हैस व्याली का नाही आज?" आणि हे सगळे, हो, तुम्हीच सगळे, पोट धरून हसले होते.

सखारामनं जन्मभर खाणीत मँगनीज काढलं. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की दंडारीच्या खेळात पेटी वाजवली. त्या दंडारीत राजा मी व्हायचो. छातीत बाण लागला की गात गात मरायचो. सखाराम पेटी सोडायचा नाही, म्हणून मला मरताही यायचं नाही! आणि तुमच्या आया पदर डोळ्याला लावायच्या.

रिटायर झाल्यावर त्यानं टीव्ही आणला. सिनेमाच्या दिवशी त्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. पण शास्त्रीय गाणं लागलं, गवय्यानं आलाप घेतला, की तुम्ही चपला शोधायला लागायचे. मागे तो एकटा. मांडीवर बोटं चालवत, जणू समोर पेटी आहे.

मग तो रविवार आला. दुपारी परदेशातला ऑपेरा लागला. ऑपेरा म्हणजे त्यांची दंडारच समजा, सगळं बोलणं गाण्यात. त्यात एक जाडजूड बाई मरत होती, आणि मरता मरता टाहो फोडून गात होती. खाणीतल्या सुरुंगांनी सखारामचे कान गेलेले, म्हणून टीव्हीचा आवाज मोठा. आणि आपल्या गल्लीची रीत काय? कुणाच्या घरून रडणं ऐकू आलं, की चुलीवरचं गंज-भांडं खाली उतरवायचं, विस्तवावर पाणी टाकायचं आणि धावायचं. तुम्ही धावलात. कोणी तर तिरडीला बांबूही तोडून आणला. खरं सांगतो, त्या दिवशी मला या गावाचा अभिमान वाटला.

तुमच्यातल्या गणपतनं दारातूनच विचारलं, "कोण गेलं, बुढ्या?"

सखाराम म्हणाला, "अजून गेली नाही. गाऊन राहिली. बस ना, आता जाईल."

तुम्ही काय केलं? त्या बाईला हसले, आणि वर चिडले. "आमची चूल विझवली बुढ्यानं! आता खरंच रडला तरी येत नाही, पाह्यजो."

तो हात जोडून म्हणाला, "अरे, हा किसन राजा होऊन मरे, तवा तुमी रडत होते. मंग हिले काहून हसता?"

तुम्ही पाठ फिरवून घरी चूल पेटवायला गेलात. आठवून पाहा.

आणि हा मागचा रविवार. मी आंबागडला लेकीकडे गेलो होतो. भर दुपारी सखाराम खुर्चीतच गेला. वयनीनं टाहो फोडला. झाडाखाली पत्ते चालले होते. एक जण म्हणाला, "बुढ्याची गोरी मेम मेली वाटते." दुसऱ्यानं पान टाकलं. हे मला त्या पत्तेवाल्यांपैकीच एकानं सांगितलं. संध्याकाळी मी आलो, तर वयनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. आवाज पार बसलेला. म्हणाली, "भाऊजी, मी लय बलावलं जी."

आम्ही फसलो, टीव्हीच वाटला, असं तुम्ही सांगत फिरताय. मग एक सांगा. त्या दिवशी गावात लाइट होती का? नव्हती. सकाळपासून नव्हती. पत्ते झाडाखाली काहून खेळत होते? घरात पंखा बंद होता म्हणूनच ना? पंखा बंद. चक्की बंद. मग टीव्ही कशावर चालला, बापयांनो? बोला ना.



वयनी म्हणते, मी कारध्याला भावाकडे जाते. जिथं रडलं तर माणूस येत नाही, तिथं राहू कशी? मी तिला थांब म्हटलं आहे. तुमच्या भरवशावर म्हटलं आहे, आणि मला तुमचा भरवसा नाही. तरी म्हटलं आहे. टीव्ही तिथंच राहील. ती गाणं लावेल, ऑपेराही लावेल, मोठ्यानं लावेल. त्या घरातून टाहो ऐकू आला की उठायचं. विचारत बसायचं नाही. विस्तवावर पाणी टाका आणि धावा. फुकट आलात, तर चहा पिऊन परत जा. चूल पुन्हा पेटते.

सखाराम, गड्या, पेटी आधी तूच सोडलीस. रामराम.

आता उभे राहा. मौन पाळायचं आहे. ते तुम्हाला जमतं, मागच्या रविवारी दिसलं. पण या मौनात काशीवयनीचा हुंदका ऐकू आला, तर मौन मोडा आणि तिच्याजवळ जा.