नऊ वर्षांचा नेम

हणमंत: फोनवर पित्ताशयाचे खडे म्हणालीस. इथं तर गर्भाशय काढायचं लिहिलंय!

अश्लेषा: बाबा, ऑफिसच्या फोनवर आणखी काय सांगणार होते मी? तुमच्या शेजारचे शर्माजी कान टवकारून बसलेले असतात. प्लीज, खाली सही करा. उद्या सकाळी साडेसातला नेणार आहेत आईला.

हणमंत: न वाचता? तीस वर्षं सरकारी फायली वाचण्यात गेली माझी. आणि बायकोच्या पोटावर सुरी चालवायचा कागद तेवढा डोळे मिटून?

अश्लेषा: पोटावर नाहीच चालवणार. हे खालूनच करतात.

हणमंत: खालून म्हणजे?

इंदुमती: अशू, तू जरा गप्प बस. अहो, माझं अंग बाहेर येतं.

हणमंत: काय?

इंदुमती: गर्भाशय हो. जागेवर राहत नाही. खाली उतरतं, बाहेर येतं.

अश्लेषा: पिशवीला धरून ठेवणारे आतले स्नायू असतात ना बाबा, झोळीसारखे, ते सैल पडलेत. बाळंतपणं, जड उचलणं, कुणाचा जुनाट खोकला. बिल्कुल कॉमन आहे. डॉक्टर म्हणाल्या, रोज दोन-चार बायका हेच घेऊन येतात आणि प्रत्येकीला वाटतं, जगात हे आपल्या एकटीलाच झालंय.

हणमंत: एवढं कॉमन आहे तर माझ्या कानावर कसं नाही आलं?

अश्लेषा: माझ्या तरी कुठे आलं? परवा आई तासभर बाथरूममधून बाहेर येईना. लघवी अडकली होती. हातानं आत ढकलल्याशिवाय होतच नाही तिला. घासून घासून जखम झालीय त्याच्यावर. आणि त्यात हा तुमचा नोएडाचा फ्लॅट! चौथा मजला, हवा छान, गच्ची आपली. लिफ्टला अजून मुहूर्त नाही, पाणी वर चढत नाही. वर्षभर बादल्या कोणी चढवल्या, बाबा?

हणमंत: अगं, पण तिनं कधी चकार शब्द काढला का?

इंदुमती: अशू, खाली जाऊन चहा घेऊन ये जा.

अश्लेषा: आई, काउंटरवर फॉर्म मागतायत यार.

इंदुमती: मागू देत. दहा मिनिटांत काही आभाळ कोसळत नाही. जा म्हटलं ना.

(अश्लेषा पाय आपटत बाहेर गेली. इंदुमतीनं कॉटवरून उठून दार लोटून घेतलं.)

हणमंत: किती दिवस झाले?

इंदुमती: दिवस कसले. नऊ वर्षं.

हणमंत: नऊ? म्हणजे आपल्या शार्दूलला कावीळ झाली तेव्हापासून?

इंदुमती: त्याच्या जरा आधीपासून.

हणमंत: त्याच काविळीत तू नेम घेतलास. दत्ताला बोललीस, पोरगं उठलं तर जन्मभर चटईवर एकटी निजेन.

इंदुमती: हो.

हणमंत: इंदू, तो नेम...

इंदुमती: नेम नव्हता हो. दत्ताला मी काही म्हणजे काही बोलले नव्हते. पोरगं औषधानं उठलं.

हणमंत: थांब. थांब जरा.

इंदुमती: नऊ वर्षं थांबलेच की. आता बोलू द्या.

हणमंत: नाही, तू थांब! नऊ वर्षं गुरुवार करतोय मी. तुझ्या नेमाला आपला हातभार म्हणून. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत चारचौघांना छाती फुगवून सांगत आलो, आमच्या मंडळींचा नेम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि दिवा मालवला की त्या दत्ताशी भांडायचो, कळतंय का? म्हणायचो, पोरगं परत दिलंस, उपकार झाले. पण बायको नेलीस की रे माझी. वर लगेच कान पकडून माफी मागायचो, पोराला काही होऊ नये म्हणून. तू ऐकत होतीस हे?

इंदुमती: कधीकधी.

हणमंत: आणि गप्प राहिलीस! देवाच्या नावानं खोटं बोललीस!

इंदुमती: बोलले.

हणमंत: का पण? मी काय राक्षस आहे? कधी हात उगारला? पिऊन घरी आलो?

इंदुमती: नाही. सोन्यासारखा नवरा मिळाला असं मीच सांगते सगळ्यांना.

हणमंत: मग झालं काय होतं तुला?

इंदुमती: तुमच्या प्रभामावशी आठवतात?

हणमंत: कराडच्या? त्यांचं काय आता?

इंदुमती: लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांच्या भावाकडे जेवायला गेलो होतो. मी नवी नवरी. हळूच तुम्हाला विचारलं, मावशी सासरी का नाही राहत? तुम्ही जेवायला बसला होतात. पुरीला श्रीखंड लावत म्हणालात, तिचं अंग बाहेर आलं, काकांनी दुसरी केली. करतील नाहीतर काय? अशी बाई संसाराला काय कामाची?

हणमंत: मी म्हणालो असं?

इंदुमती: शब्द न् शब्द.

हणमंत: मला नाही आठवत.

इंदुमती: तुम्हाला कशाला आठवेल? तुम्ही जेवलात, हात धुतलेत, मोकळे झालात. मी वीस वर्षांची होते. पंधरा वर्षांनी अंघोळ करताना हाताला गोळा लागला ना, तेव्हा आजाराची भीती नाही वाटली मला. मावशी डोळ्यांपुढे आल्या. त्यांना भाऊ तरी होता. मी कुणाच्या दारात जाऊन पडणार होते?

हणमंत: अगं वेडे, मी केली असती का दुसरी?

इंदुमती: नसती केलीत. आज कळतं. तेव्हा विचारायची छाती नव्हती. वाटलं, थोडे दिवस ढकलू. पण माझ्या खोट्याला तुम्ही गुरुवारचे उपास जोडलेत. मग कुठल्या तोंडानं सांगायचं?

हणमंत: तेव्हाच दाखवलं असतंस तर?

इंदुमती: डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर येणाऱ्या कित्येकींचं व्यायामावर भागतं. नाहीतर एक रिंग असते, आत बसवायची, ठरावीक महिन्यांनी तपासायची. माझं आता सगळंच बाहेर राहतं. पिशवी काढायची आणि सैल पडलेलं टाके घालून वर घ्यायचं, एवढाच इलाज त्यांनी सांगितला.

हणमंत: घात केलास स्वतःचा. आणि माझाही.

इंदुमती: केला. नाही म्हणत नाही.

हणमंत: आणि आता सहीपुरता मी आठवलो. नाही केली तर?

इंदुमती: नका करू. माझी पुरते.

हणमंत: म्हणजे?

इंदुमती: सकाळीच विचारून घेतलंय मी. बाई म्हणाल्या, शरीर तुमचं, सही तुमची. नवऱ्याची आम्ही रिवाज म्हणून घेतो, नसली तरी उद्या करणारच. मागचं पान बघा, केलीय मी. अशूला ठाऊक नाही.

हणमंत: मग मला कामावरून ओढून कशाला आणलंस? उरकून टाकायचं होतंस गुपचूप. खडे म्हटलं असतंस, खपून गेलं असतं.

इंदुमती: खपलं असतं हो. तुम्ही बिचारे खड्यांची काळजी करत उशाशी बसला असतात. ते बघवलं नसतं मला. माझ्यावर चिडा, वर्षभर बोलू नका, माझी तक्रार नाही. पण जे खरं आहे त्याच्यावर चिडा. उद्या टेबलावर जाताना माझ्या डोक्यावर ते ओझं नकोय.

हणमंत: पुरीला श्रीखंड लावत बोललो मी?

इंदुमती: हो.

हणमंत: शी!

इंदुमती: जाऊ द्या आता.

हणमंत: कसं जाऊ देऊ? माझा राग काही गेला नाहीये, इंदू. इतक्यात जाणारही नाही.

इंदुमती: नसू दे गेला.

हणमंत: दुखतं का गं?

इंदुमती: आडवी असले की नाही दुखत. उभं राहिलं की कंबरेतून ओढ लागते.

हणमंत: मग मघापासून उभी कशाला आहेस? ये. बस इथं, माझ्याजवळ.