हॉलमधले ‘तळ’ हे शिल्प फुटल्याबाबत

मी, वय ६३ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बंदरामागच्या गल्लीत मुलीकडे, आपणहून पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर आम्ही दोघी मायलेकीच राहतो. मुलगी शिल्पकार आहे. तिचे वडील मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळत. ती लहान असताना बोट बुडाली. ते सापडले नाहीत. ते माझ्या स्वप्नात येतात. समुद्राच्या तळाशी उभे असतात, अंगावर शेवाळ असते. एवढे मी मुलीला चहा पिताना सांगत असे.

त्यावरून तिने प्लास्टरचे मोठे शिल्प केले. त्यात माणूस असा दिसत नाही. नुसते वळसे, भोके आणि फांद्यांसारखे काहीबाही आहे. काल दुपारी प्रदर्शनात मी ते पहिल्यांदा पाहिले. लोक कौतुक करत होते. मला मात्र त्यात हात दिसला, मागे ओढून घेतलेला. स्वप्नात ते मला हात देतात आणि मी माझा हात पाठीमागे लपवते. हे मी कोणालाच सांगितले नव्हते. मुलीला ते कळले आणि तिने चारचौघांत मांडून ठेवले, असे वाटून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

लोक जेवायला गेल्यावर मी टेबलावरची चादर काढून शिल्पावर टाकली. ती पुरेना म्हणून ओढली, तसे शिल्प खाली पडून फुटले. मी मागच्या दाराने घरी येऊन मशीनवर बसले. मुलगी रडत आली. तिला पाणी दिले, पण सांगायला तोंड उघडेना.

आज सकाळी कळले की, मुलीने तक्रार दिली असून हॉलच्या रखवालदाराला संशयावरून येथे आणून बसवले आहे. काल त्यांनीच मला बसायला खुर्ची आणून दिली होती. त्यांचा यात काडीचाही दोष नाही.

हे सांगत असताना मुलगी आली व दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “आई, त्यात हात नव्हताच गं. ते पोवळं होतं.” मला मान वर करता आली नाही. रखवालदाराला सोडण्यात आले. ते माझ्यासमोरून गेले.

मुलीला तक्रार पुढे चालवायची नाही. हाताचा मजकूर जबाबातून काढावा, अशी मी विनंती केली. चादर टाकण्याचे कारण तेच असल्याने काढता येणार नाही, असे साहेबांनी सांगितले.

जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे. वाचून होईपर्यंत मुलीने बाहेर बसावे, असे मी म्हटले होते. ती गेली नाही.