मुख्तारानं ओळख पटवली

(इराकी कुर्दिस्तानातल्या सुलेमानिया शहरातलं एक घर. दुपारचं जेवण चाललंय. शलेर प्रांताच्या कचेरीतून नुकतीच घरी आलीय.)

पीरोज : ...आणि म्हणे, सहज आलो! सीमेपलीकडच्या, इराणातल्या दारबेरूहून इथवर सहज कुणी येतं का? शलेर, बरी वेळेवर आलीस. बघ कोण आलंय.

शलेर : हमामीनकाका! अहो, निरोप तरी धाडायचा. नाक्यावर गाडी पाठवली असती.

हमामीन : तुझ्या सरकारी गाडीत बसलो असतो, तर आमच्याकडं माझ्यामागं चौकशी लागली असती, पोरी. बस बरी. गुडघ्यांनी तेवढी कुरकुर केली.

पीरोज : करतील नाहीतर काय! दारबेरूहून डोंगरातल्या वाटेनं सीमा ओलांडली की आपलं गाव, काणीरश. तिथंच यांची नशमील दिलीय. सकाळी निघायचं नि लेकीच्या हातचा चहा प्यायचा, एवढंच अंतर. आता ती वाट बंद. म्हणून पार मोठ्या रस्त्यानं वळसा, पासपोर्ट, रांगा. आणि नशमीलला दिवस गेलेत!

शलेर : हो? काका, बोलला नाहीत तुम्ही.

हमामीन : मी जेवायला आलोय. बोलायला तुझी आई आहे.

पीरोज : आहेच मी. शलेर, त्या वाटेचा कागद तुझ्याच टेबलावर आहे ना?

शलेर : आई, जेवताना नको.

पीरोज : मग कधी? उद्या तो बगदादला जाणार, तूच म्हणालीस.

शलेर : अगं, दोन्ही राजधान्यांनी मिळून ठरवलंय. लहान वाटा सगळ्या कायमच्या बंद. अंमल कसा करायचा, एवढंच आम्ही लिहायचं. आणि उगाच नाही ठरवलेलं. गेल्या हिवाळ्यात त्याच वाटेनं बंदुका गेल्या. नंतर काणीरशवर तोफगोळे पडले, ते विसरलीस?

हमामीन : खरं बोलतेय ती. बंदुकांना वाट बंदच करा. मी स्वतः दगड उचलून देईन.

पीरोज : आणि लेकीला भेटायला जाणाऱ्या बापाला?

शलेर : जवळच्या नातेवाइकांना सोडावं, असं एक कलम घातलंय मी. पण नातं दाखवायला दाखले हवेत, दोन्ही देशांचे. काणीरशच्या निम्म्या म्हाताऱ्यांकडं जन्माचा दाखलासुद्धा नाही. म्हणजे कलम नावालाच. त्याहून मऊ लिहिलं, तर वरचे म्हणणार, ही सीमेवरच्यांची वकिली करते. माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेत काहीजण.

हमामीन : मग नको लिहूस. पीरोज, पोरीला छळू नकोस. मी काही मागायला आलेलो नाही. माझी अमीना गेल्यापासून बाईमाणसाच्या हातचा धड भरल्या पानांचा दोलमा पोटात गेला नव्हता, म्हणून आलो.

पीरोज : तुम्ही कसले मागताय! शलेर, एक्याण्णव साली तू एवढीशी होतीस. तापानं मान टाकलेली. बगदादचं सैन्य आम्हा कुर्दांच्या पाठीमागं, आणि आमचं सगळं काणीरश सीमा ओलांडून यांच्या दारात.

शलेर : माहीत आहे गं. अमीनाकाकूंनी मला कुशीत घेऊन वाचवलं.

पीरोज : ते माहीत आहे. साहेबाचं नाही माहीत. एक दिवस त्यांच्या सरकारचा साहेब आला. हुकूम असा, की निर्वासितांनी खाली छावणीत जायचं. छावणीत पोरं पटापट दगावत होती! घरात राहायची मुभा फक्त नातेवाइकांना. सांगा ना हो भाऊ पुढचं.

हमामीन : सांगायचं काय त्यात? मी गावचा मुख्तार, गावकीचा कारभार माझ्याकडं. साहेबानं विचारलं, यातले तुझे नातेवाईक कोण? म्हटलं, सगळे.

शलेर : सगळे?

हमामीन : ही माझी आतेबहीण, तो मावसभाऊ, ती चुलतचुलती. साहेब एकेकापुढून सरकत होता. शेवटी तुमच्यातल्या हन्ना शिंप्यापुढं थांबला. हन्नाच्या गळ्यात हा एवढा क्रूस! म्हणाला, 'आणि हा?' म्हटलं, 'हा बायकोकडचा, साहेब. त्या लोकांशी आमचं फारसं जमत नाही.'

पीरोज : तशी अमीना आतून ओरडली, 'माझ्या माहेराला नावं ठेवायची नाहीत हं!'

शलेर : आणि साहेब?

हमामीन : हसला नाही. चहा मागितला, सावकाश प्यायला. मग म्हणाला, 'मुख्तारानं ओळख पटवली, मला पुरे.' तसं लिहून निघून गेला. त्याला का कळत नव्हतं? नोकरी गेली असती त्याची. तबरेजकडचा होता म्हणतात. नाव कधी कळलं नाही, पण अजून रोज दुवा मागतो त्याच्यासाठी.

शलेर : काय म्हणाला तो? परत सांगा.

हमामीन : मुख्तारानं ओळख पटवली, मला पुरे.

शलेर : आई, माझी बॅग कुठाय?

पीरोज : आत्ता? ताट वाढलंय समोर!

शलेर : दाखल्यांऐवजी मुख्तारांची साक्ष. अलीकडच्या नि पलीकडच्या, दोघांची. पायी येणाऱ्यांनाच, व्यापाराचा माल नाही. सैन्यानं हवी तेवढी झडती घ्यावी. बंदुका अडतील, माणसं जातील.

हमामीन : शलेर, थांब. उपकार फेडायला लिहिणार असशील, तर राहू दे. आम्ही तेव्हा काही उसनं दिलं नव्हतं.

शलेर : फेडण्यासारखं असतं, तर आईनं केव्हाच फेडलं असतं, काका. ज्याच्यासाठी तुम्ही दुवा मागता, त्याच्यासारखं एकदा वागून बघते.

हमामीन : आणि खुर्ची?

शलेर : ज्याला हवी त्यानं बसावं.

पीरोज : आधी चार घास खा. उपाशी पोटी सरकार चालवू नये.

* * *

(काही महिन्यांनी. फोनवर.)

शलेर : हॅलो, आई? दारबेरूला पोचलीस का?

पीरोज : पोचले, पोचले! काणीरशचा मुख्तार म्हणाला, ही आमची. इकडचा म्हणाला, ही आमची. सैनिकानं पिशवी उलटीपालटी केली नि सोडलं. माणसं काय रडत होती गं! एक म्हातारी तर त्या सैनिकाच्याच गळ्यात पडली. बावचळला बिचारा.

शलेर : मी रोजचं मागितलं होतं. आठवड्यातून दोनच दिवस दिले त्यांनी.

पीरोज : दोन तर दोन. कालपर्यंत एकही नव्हता. तुझं काय झालं?

शलेर : सीमेचं काम काढून घेतलं. आता पाणीपुरवठा बघते.

पीरोज : अगं बाई. वाईट वाटतंय का?

शलेर : वाटलं थोडं. पण बरी आहे, खरंच. इथं तोफा नाहीत, फक्त नळ गळतात. परत कधी येतेस?

पीरोज : वाट सोमवारी उघडेल ना? मग सोमवारपर्यंत घाई कसली! थांब, भाऊंना बोलायचंय.

हमामीन : शलेर, तुझे हात सलामत राहोत, पोरी. नशमील आलीय बाळाला घेऊन. मुलगी झाली. माझ्या मांडीवर पडल्यापडल्या आजोबांना ओलं करून मोकळी झालीय.

शलेर : मुबारक, काका! नाव काय ठेवलं?

हमामीन : अमीना. दुसरं काय ठेवणार? घे, आईशी बोल.

शलेर : आई, काकूंच्या थडग्यावर जाऊन आलीस?

पीरोज : आले ना. पोटभर बोलले तिच्याशी. तुझंही सांगितलं सगळं. शलेर, येताना ती वाट मी ओळखलीच नाही गं. पळून आलो तेव्हा नुसता बर्फ नि चिखल. मला वाटायचं, ती वाट तशीच असते. अगं, तिथं फुलं येतात.