ऊब लपवणारं कापड

इस्लामपूरजवळ, उसाच्या फडाशेजारी एसटीची वाट बघत होतो. बाजूला नणंद-भावजय ड्रोनच्या पडद्यात डोकं घालून उभ्या.

"वन्सं, फडातला बिबट्या लखलखीत दिसतोय. मग हे का दिसंनात?"

"वहिनी, दादानं मी बनवलेलं कापड पांघरलंय. ते अंगाची ऊब ड्रोनला दिसू देत न्हाई. तेच तपासायला आत शिरलाय."

"झालं की तपासून! आता दाखवा त्यास्नी."

"थांबा, बटण दाबते. कापडावरचा थर तापून बदलला, की ऊब दिसंल... दिसला! बिबट्याच्या मागं."

"मागं?"

"हातातला मोबाईलबी चमकतोय. शूटिंग करतोय."

"अगं बया! हाक मारू?"

"नगं! बिबट्या वळंल."

"मग सासूबाईंना आधी फोन लावा. रोज ह्या वक्ताला त्या लेकाला फोन करून 'जेवलास का' इचारत्यात."

"लावते... आईचा फोन बिझी येतोय, वहिनी."