भागीरथाबाईचा धुरा

बोरगाव मेघेतल्या दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहताना माझ्यासमोर एक तरुण बिल्डर सुजलेला गाल धरून बसला होता. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी येऊन टेकली, तसा तो ताठ झाला.

"भागीरथाकाकू, तुमच्या दारापुढे मातीची पोती तुम्ही रचली?"

"मीनंच रचली."

"का पण?"

"तुह्या पायव्याची काळी माती दर पान्यात माह्या आंगनात येते, सुमीत. नाली बुजली, तुळस गाडल्या गेली. ढिगावर ताडपत्री टाक, भोवती बांध घाल, म्हून कितीक खेपा सांगतलं तुले?"

"ताडपत्री आहे ना, काकू."

"तपासनीवाला साहेब येते तवाच असते. तो गेला का घडी करून ठेवतं."

"थोडीशी तर माती येते!"

"थोडीशी? तुह्याच सिमिटाच्या रिकाम्या पोत्यायत भरली, तं कमरेएवढा धुरा झाला."

"त्यानं पाणी उलटं फिरलं ना! काल सगळा चिखल माझ्या सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरला. आज गिऱ्हाईक यायचंय."

"मंग पाहू दे त्याले."

"काकू, पोती काढा."

"वावरातली माती वाहू नाई म्हून आमच्यात धुरा घालतेत. घातलेला धुरा कोनी काढत नसते."

"मग मी तक्रार करीन."

"कर न. अन् त्यात नीट लिहजो, का सुमीतच्या साइटवरची माती आता सुमीतच्याच साइटवर राहून राह्यली."